अंगठा आत्तीचा, अनुदान दुसऱ्याला

कोल्हापुरात कसबा बावड्यात राहणाऱ्या माझ्या आत्तीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वय ६५ पूर्ण आणि घरचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, अशा माणसांना हे अनुदान मिळतं. तिची बीपीची गोळी, तेल, चहापत्ती सगळं त्यातच.

गुडघ्यांमुळं बँकेत जाणं होत नाही. गल्लीत एकजण आधारच्या अंगठ्यावर खात्यातले पैसे काढून द्यायचं मशीन घेऊन यायचा. आत्ती म्हणायचा, चहा घ्यायचा. चार महिने त्यानं अंगठा लावून घेतला आणि सांगितलं, "अजून जमा न्हाई, फुडच्या आठवड्यात बघू." पावती मागितली की रोल संपलेला.

तिला संशय कसा आला नाही, असं लोक मला विचारतात. अहो, हे पैसे खरंच उशिरा येतात. दोन-तीन महिन्यांचे एकदम जमा झालेले तिनं पाहिलेत. वाट बघणं अंगवळणी पडलेलं, आणि चोरानं नेमकं तेच हेरलं. याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड येते. ती दुकानात उधारी करत राहिली, गोळी दिवसाआड घेत राहिली, आम्हाला बोलली नाही.

शेजारच्या आक्का एकदा सहज म्हणाल्या, "आमचं तर कवाच आलं की!" तेव्हा मी पासबुक भरून आणलं. दर महिन्याला पैसे जमा, आणि एक-दोन दिवसांत आधारवरून काढलेले. ६,००० रुपये. मेसेज आले नाहीत, कारण खात्याला मामांचा, म्हणजे आत्तीच्या यजमानांचा, नंबर होता. ते गेल्यावर तो बंद पडला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, बँकेत लेखी तक्रार दिली, नंबर बदलला. पैसे अजून मिळालेले नाहीत.

नुसती शिल्लक बघायची म्हणून लावलेल्या अंगठ्यावरही पैसे निघू शकतात. तेव्हा स्क्रीनवर काय लिहिलंय हे घरातल्या कुणीतरी वाचल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना बोट ठेवू देऊ नका. आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांची ओळख, लॉक करता येतं, कामापुरतं उघडता येतं. आत्तीचं मी केलंय. पासबुक मात्र दर महिन्याला भरून आणाच.

तो माणूस आता आमच्या गल्लीत फिरकत नाही. परवा पलीकडच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांची पासबुकं भरून आणली. एकीच्या खात्यात तोच प्रकार निघाला. सोमवारी तिला घेऊन बँकेत जायचंय.