केजची तीन एकर की चाकणची कॉट? भाच्यासाठी मांडलेला हिशोब

भाच्याचा आयटीआय झाला, फिटर ट्रेड. दसऱ्याला गावी, बीड जिल्ह्यातल्या केजकडं गेलो तर बहीण म्हणाली, "दादा, याला तुझ्याकडं घेऊन जा." दाजी म्हणाले, "मग तीन एकर कोण बघणार?" पोरगा मधे बसून मोबाईल चाळत होता. मी ११ वर्षं पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत आहे, आणि माझीही दोन एकर गावात बटईनं दिलेली आहे. त्यामुळं दोघांनाही वाटलं की मी त्यांच्याच बाजूनं बोलणार. मी म्हणालो, वही आणा.

आधी शेत. २०२४ च्या खरिपात दाजींना एकरी सहा क्विंटल सोयाबीन झालं, म्हणजे तीन एकरांत १८. हमीभाव होता क्विंटलला ४,८९२. पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणून केंद्रावर नंबर लागायची वाट बघायला उसंत नव्हती, कृषी सेवा केंद्राची उधारी डोक्यावर होती. आडतीवर ४,१०० नं घातलं. ७३,८०० आले. बी, खत, फवारणी, खुरपणी, सोंगणी, मळणी धरून एकरी १६ हजार गेले. राहिले २५,८००. घरच्यांची मजुरी यात धरलेलीच नाही. रब्बीचा हरभरा ओल असेल तर. केंद्राची पीएम किसान आणि राज्याची नमो योजना मिळून वर्षाला १२ हजार येतात, ते बी-बियाण्यात जिरतात.

आता चाकण. कंत्राटी पोरगा लागला तर सध्या माझ्या ओळखीतल्या पोरांच्या हातात १७ हजारांच्या आसपास येतात. कॉट बेसिसवर, म्हणजे चौघांच्या खोलीत आपली एक खाट, २,८००, मेस ३,२००, मोबाईल-प्रवास-साबण-चहा २,०००. नऊ हजार शिल्लक. तीन महिन्यांत शेताचा हंगाम निघतो. दाजी या आकड्याकडं बराच वेळ बघत राहिले.

पण हा हिशोब सड्या माणसाचा आहे, आणि गावातून निघणारी पोरं नेमकं इथंच फसतात. लग्न झालं, बायको आली की कॉट सुटते. मोशीकडं वन आरकेला साडेसहा हजार, लाईट सातशे, किराणा पाच हजार, दूध-भाजी अडीच हजार, बाकी दीड हजार. १६,२०० झाले. उरले आठशे. डिपॉझिट वेगळं, आणि दर ११ महिन्यांनी भाडेकरार नवा. खोली दहा बाय दहाची. गुंठा असतो १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याच्या दहाव्या भागाहूनही कमी जागेत संसार. आमच्या गोठ्यात याहून जास्त जागा आहे. तेव्हा बायको येण्याआधीची दोन-तीन वर्षं हीच खरी कमाईची. त्यात पोरगा कंत्राटीवरून कायम झाला, सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) किंवा मेंटेनन्सचं काम हाताखाली आलं तर पुढं निभतं. ती वर्षं मोबाईलच्या हप्त्यात आणि बुलेटच्या स्वप्नात गेली तर शेतही गेलं आणि शहरही.

आकड्यांपेक्षा मोठा फरक मला फार उशिरा कळला. गावात खिशात पैसा नसला तरी महिना निघतो. ज्वारी घरची, तूर घरची, दुकानदाराच्या वहीवर नाव आहे, सोयाबीन आल्यावर फिटेल. पैसा वाढत नाही, पण अडतही नाही. शहरात पैसा दर महिन्याला येतो, आणि तोच मोठा दिलासा आहे, कारण तो पावसावर अवलंबून नाही. पण एक महिना नाही आला तर चौथ्या दिवशी वांधे. मला पहिल्याच वर्षी ठेकेदारानं सात महिन्यांनी ब्रेक दिला, म्हणजे कामावरून बसवलं. मेसवाल्या मावशींनी आठवडाभर जेवू घातलं, नवव्या दिवशी डबा द्यायला आलेला पोरगा मान खाली घालून म्हणाला, "आईनं विचारलंय, कधी देता?" मावशींची चूक नव्हती, त्यांनाही गॅस रोख घ्यावा लागतो. त्या रात्री मी बहिणीकडून दोन हजार मागवले. शहरातल्या नोकरदारानं गावातून पैसे मागवायचे, हे कोणी सांगत नाही. म्हणून भाच्याला म्हटलं, पहिले सहा महिने घरी एक रुपया पाठवू नको. २५ हजार बँकेत पडू दे, मग पाठव.

दवाखान्याचं बघायचं तर कागदावर शहर पुढं आहे. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं, पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि घरच्यांचेही उपचार होतात. मात्र ठेकेदारानं खरोखर नंबर काढलाय का, पीएफचा यूएएन (कायमचा खाते नंबर) मोबाईलला जोडलाय का, हे पहिल्याच महिन्यात बघायचं. गावात १०८ ला फोन केला की गाडी अंबाजोगाईला नेते, पण रात्री ती कधी पोचेल ते रस्त्यावर आहे.

पाण्याबद्दल शहराचं फार कौतुक करू नये. एप्रिलमध्ये टँकर आमच्या वेशीवरही उभा असतो आणि वाघोली-मोशीच्या सोसायट्यांच्या गेटवरही. ट्रॅफिकचं तर काय सांगायचं, चाकण चौकात उभं राहिलं की कळतं.

बायकांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. माझ्या बायकोला विचारलं, गाव बरं की ही खोली? ती म्हणाली, "इथं दार लावून घेता येतं." पुढं काही बोलली नाही. गावात तिचं दार दिवसभर उघडं असायचं, कोणीही यायचं, काहीही विचारायचं. इथं तिला शेजारीण सापडायला दोन वर्षं लागली हेही खरं.

आणखी एक. मी ज्या घरात जन्मलो त्या आडनावाला गावात मान आहे, म्हणून मला गावची आठवण गोड लागते. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्यावर जे कडक बोट ठेवलं, ते उगाच नव्हतं. माझ्यासोबत लाईनवर उभा असणारा दोस्त म्हणतो, "तुला गाव सोडावं लागलं, मी सोडलं." आडनाव विचारणारे घरमालक शहरातही आहेत, पण तिथं दुसरी खोली शोधता येते. गावात दुसरं गाव शोधता येत नाही. माझ्या दोस्तासारखा वाचक असेल तर त्यानं माझा सोयाबीनचा हिशोब बाजूला ठेवावा.

लग्नाचं एका ओळीत: पोरीकडचे पुण्यातली नोकरी विचारतात आणि गावाकडं शेतीही हवी म्हणतात. म्हणजे त्यांनाही दोन्ही पाहिजे.

दाजींच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. शेत बटईनं देता येतं, पण ते आपोआप चालत नाही. ई-पीक पाहणीला कोणीतरी मोबाईल घेऊन त्या गटात उभं राहावंच लागतं, नाहीतर सातबारावर पीक लागत नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी बोंब. मी दरवर्षी बटईदाराला चार फोन करतो. एक गोष्ट मात्र दाजींना दोनदा सांगितली: पोरगा शहरात रमला म्हणून सगळी जमीन विकू नका. आपल्याकडं शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबारावरून नाव पुरतं गेलं की परत येणं फार अवघड.

मधला मार्ग म्हणून बहीण छत्रपती संभाजीनगरचं नाव घेत होती. तिथल्या वाळूजच्या कारखान्यांकडं भाडं कमी आहे आणि गाव जवळ पडतं. फिटरसाठी तो पर्याय वाईट नाही. पण तिथं आपलं कोणी नाही, आणि पहिली नोकरी ओळखीवर लागते. ओळख माझी चाकणची आहे.

शेवटी ठरलं ते असं. या वर्षीची मळणी होईपर्यंत तो गावात थांबणार, मग दोन वर्षं चाकण, आणि दर खरिपाला पेरणीच्या आठवड्यात सुट्टी काढून गावी. आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, बुधवारच्या रात्रीच्या एसटीनं निघालं की सकाळी केज. त्याला यादी लिहून दिली: आधार, आयटीआयचं सर्टिफिकेट, बँकेचं पासबुक, आठ पासपोर्ट फोटो, आणि एक जाड वाकळ. वाकळ कशाला, म्हणून तो हसला. कॉटवरची गादी कसली असते, ते त्याला अजून माहीत नाही.