‘स्वामी’ की ‘कोसला’? सीमाभागातल्या वाचन मंडळांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या वाचन मंडळाने किंवा बी.ए.च्या गटाने ‘महत्त्वाकांक्षा आणि भ्रमनिरास’ हा विषय घेतला आणि एकच कादंबरी निवडायची म्हटली, तर खरा पेच या दोघींत पडतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. निवडण्याआधी एक ठरवा: कोणता काळ वाचायचा आहे?

‘स्वामी’चा काळ पानिपतानंतरचा. १७६१ साली सोळा वर्षांचे माधवराव पेशवे होतात, तेव्हा तिजोरीवर कर्ज आहे, बाहेर निजाम आणि हैदर आहेत आणि घरात सत्तेवर डोळा असलेले चुलते राघोबादादा. इथली महत्त्वाकांक्षा एका माणसाची नाही, मोडलेली दौलत पुन्हा उभी करण्याची आहे. आणि ती बऱ्याच अंशी साधतेही: १७६३ला राक्षसभुवनला निजामाचा पराभव, पुढे १७६८ला धोडपला राघोबादादांचा. धारवाड-सावनूरच्या बाजूला झालेल्या हैदरावरच्या मोहिमा तर आपल्या ओळखीच्या मुलखातल्या. खचवणारं जे आहे ते चुलत्याकडून आणि क्षयाकडून येतं. १७७२ला थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी सगळं संपतं. स्वप्न मात्र शेवटपर्यंत निष्कलंक राहतं. न्यायाधीश रामशास्त्र्यांचा प्रसंग सावकाश वाचा. पेशवा स्नानसंध्येत बुडाला आहे हे पाहून शास्त्री निरोप मागायला येतात: ब्राह्मण्यच पाळायचं असेल तर गंगाकाठी जावं, गादीवर बसायचं तर रयतेकडे बघावं. या वयाच्या पोराने ते ऐकून घेणं, यातच त्याचा मोठेपणा दिसतो.

मात्र या कादंबरीला इतिहासाचं पुस्तक समजून वाचलं की चर्चा भरकटते. दोन तास ‘हे खरंच असं घडलं का’ यातच जातात. पहिल्याच बैठकीत सनावळीचा कागद सगळ्यांना द्या आणि तो वाद तिथेच मिटवा. रमा-माधवाच्या प्रसंगांवर सगळे भाळतात, कर्जाचे आणि कारभाराचे प्रसंग मागे पडतात. विषयाचा गाभा मात्र त्यांतच आहे.

‘कोसला’त राज्य नाही, हॉस्टेल आहे. सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, वडिलांचे पैसे घेऊन. वक्तृत्व मंडळ, गॅदरिंग, मेस, जे जे अंगावर घेतो ते ते हिशेबात अडकतं, आणि शेवटी तो गावाकडे परततो. वाईट माणसांनी त्याला बुडवलं असं सांगण्याची सोय कादंबरी ठेवत नाही. शिक्षण घेतलं की माणूस वर जातो, या त्या पिढीच्या खात्रीलाच आतून कीड लागते. मधे धाकट्या बहिणीचा मृत्यू आहे. तिथे त्याचा बेफिकीर सूर तुटतो आणि आपण हादरतो. चंदगड-खानापूरहून बेळगावला किंवा पुण्याला शिकायला गेलेल्या घरांना हे पुस्तक परकं वाटणार नाही.

अडचण भाषेची. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांची पेरणी सुरुवातीला चिडवते, खानदेशी शब्द अडतात, आणि रोजनिशीच्या भागात बरेच जण पुस्तक मिटतात. तो भाग कुणीतरी मोठ्याने वाचावा. लय ऐकली की विनोद आणि कंटाळा दोन्ही उमगतात. सहा भाग आहेत, एका बैठकीत दोन घेतले तर तीन बैठका पुरतात. ‘नेमाडे म्हणजेच पांडुरंग’ हे गृहीत धरू नका, नाहीतर चर्चा लेखकाच्या चरित्रावर घसरते.

एकच घ्यायची असेल आणि विषय काटेकोर धरायचा असेल, तर ‘कोसला’ घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर लगेचच्या वर्षांतल्या तरुण मनाची पोकळी तिच्यात थेट सापडते; ‘स्वामी’त तो काळ आडून दिसतो, कर्तबगार राज्यकर्त्याच्या ओढीतून. पण मंडळात शाळकरी मुलं आणि सत्तरीचे आजोबा एकत्र बसत असतील तर ‘स्वामी’च बरी: गोष्ट धरून ठेवते, आणि देसाईंचं कोवाड चंदगड तालुक्यात, म्हणजे शेजारीच. कन्नड वाचणारे मित्र सोबत असतील, तर पुन्हा ‘कोसला’कडे वळा, तिचा कन्नड अनुवाद झालेला आहे. दोन्ही घ्यायच्या असल्या तर आधी ‘स्वामी’, मग ‘कोसला’. उलट्या क्रमाने वाचलं तर ‘स्वामी’तला भारदस्त संवाद कृत्रिम वाटू लागतो आणि ते त्या पुस्तकावर अन्यायाचं होतं.