फोन की उंबरा?

खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मनाची चौकशी कोण करणार? केंद्र सरकारची टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मध्यरात्री जीव घाबरा झाला तर याहून जवळचं काही नाही.

पण फोन करायचा कुणी? आमच्या शेजारच्या आजींचा मोबाइल नातवाच्या खिशात असतो. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावायचा, मग सुनेबद्दल बोलायचं कसं? आणि आजी तक्रार करतात ती झोपेची, गुडघ्यांची. ‘मन’ हा शब्द त्यांच्या तोंडी येतच नाही.

गोव्यात ‘संगथ’ संस्थेने नेमकं हेच धरलं. डॉक्टर नसलेले, शिकवून तयार केलेले समुपदेशक साठीपुढच्या लोकांशी झोप, मधुमेह, रोजच्या अडचणी, सरकारी योजना यांवर बोलत. नैराश्य पूर्ण जडण्याआधीच. २०१९ मध्ये या कामाच्या चाचणीचे निकाल आले. वर्षभरात समुपदेशन मिळालेल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्य आलं, नेहमीच्या उपचारांवरच्या ९० पैकी १३ जणांना. चाचणी लहान आहे, हे खरं. तरी किती कॉल आले यापेक्षा किती माणसं नैराश्यापासून वाचली, हे मोजणं मला जास्त मोलाचं वाटतं.

माझ्या गावासाठी मी आधी घरी येणारं माणूस मागेन. १४४१६ त्याच्याच हाताने भिंतीवर, मोठ्या अक्षरात लिहून घेईन.