खानापूरजवळचं मंगोलियन गेर: लाकूडकाम एक नंबर, पण लोकर कुठाय?

मे महिन्यात आम्ही चौघं खानापूरच्या पुढं जंगलाकडच्या एका रिसॉर्टात दोन रात्री राहून आलो, तिथं मंगोलियातल्या मेंढपाळांसारखी गोल घरं उभी केलीत. बोर्डावर यर्ट लिहिलंय, मंगोलियन माणूस त्याला गेर म्हणतोय. मी निपाणीकडचा, आमचा आज्जा मेंढरं घेऊन गावोगाव शेतात बसवायला जायचा, निम्मा जन्म पालात गेला त्याचा, त्यामुळं फिरत्या माणसाचं घर म्हटल्यावर मला राहवलंच नाही, लगेच बुकिंग केलं.

लाकूडकाम खरंच भारी. भिंतीची जाळी, तिला खन म्हणतात, दुकानाच्या चॅनल गेटसारखी ओढली की पसरती, ढकलली की मिटती. तिथनं वरच्या गोल चाकाला, म्हंजे तोनोला भिडलेल्या काठ्या पोरीनं झोपून मोजल्या, 60 भरल्या. मंगोलियात असलं घर दोन-तीन तासात उभं करतात, हलायचं झालं की उंटावर नाहीतर गाडीवर लादून पुढच्या कुरणाकडं. ही कारागिरी युनेस्कोनं 2013 साली वारसा यादीत घेतलीय.

पण वरनं घातलंय प्लास्टिकचं कापड, अन् इथंच सगळं बिघडलंय. गेरचा जीव लोकरीत असतोय बघा, मेंढराची लोकर भिजवून, लाटून केलेलं जाड जेन, विणलेलं नव्हे. उणे 30च्या थंडीत तेच ऊब धरतंय आणि उन्हाळ्यात त्याची खालची कड वर गुंडाळली की जाळीतनं वारा खेळतोय. इथं कापड खाली कोब्यात पक्कं केलंय, तोनोवर ॲक्रिलिकचा घुमट कायमचा बसवलाय. तिकडं तोनोवर ओर्ख नावाचं झाकण असतंय, दोरी ओढली की उघडतंय. आम्ही होतो तेव्हा दुपारी साडेबाराला लाईट गेली, एसी बंद, ऊन बरोबर डोक्यावर, घुमटातला कवडसा मधोमध टीपॉयवर पडलेला, जिथं खरं तर चूल असायला पाहिजे, आणि दहा मिनटात आत भट्टी झाली. धाकटी रडायला लागली, मग चटई घेऊन फणसाखाली जाऊन बसलो. तिथल्या पोरानं पळत जाऊन ताक आणलं, पोरगं गुणाचं, पण कड उचलायची सोयच नाही म्हणाला.

दारही रस्त्याकडं, पश्चिमेला केलंय. गेरचं दार दक्षिणेला असतंय, आत फिरणारा कवडसा बघून ती माणसं वेळ ओळखतात.

निघताना मालकांना मी तळमळीनं सांगून आलो, आपल्या भागातल्या धनगरांची लोकर कवडीमोलानं जाती, एका तरी गेरवर तिचं जेन घाला, पावसाळ्यात वरनं ताडपत्री ओढा. त्यांनी नीट ऐकून घेतलं, माझ्याकडनं आमच्या गावच्या जेन करणाऱ्या काकांचा नंबरही घेतला.

भाडं रात्रीला साडेतीन हजार, जेवण धरून, भाकरी-झुणका झकास. वळवाचा पाऊस झाला तेव्हा थेंबभर पाणी आत आलं नाही. जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जावा, मे मध्ये लहान पोरं घेऊन तर नकोच.