बारा हजार सहाशेची हलकी बॅटरी

"पोरगा ताकदीचा आहे हो!" चहाचा कप पुढे करत हे मीच म्हणाले होते. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

इन्व्हर्टरची दीडशे एएच क्षमतेची ट्यूब्युलर बॅटरी, ॲसिडसकट पन्नास किलोच्या वर भरायला हवी. ती विकायला आलेला हा पोरगा एकटा खांद्यावर टाकून दोन जिने चढून आला. आमची जुनी बॅटरी उतरवायला मात्र तो आणि त्याचा जोडीदार असे दोघे लागले, तेही पायरीपायरीवर टेकवत. मी दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. वस्तुमान, घनता सगळं फळ्यावर. जिन्यात डोकं बंद.

मे महिना, आमची बार्शी, सकाळपासून लाईट नाही. सासूबाई अंथरुणावर, त्यांच्या हवेच्या गादीचा पंप इन्व्हर्टरवर चालतो, आणि तो इन्व्हर्टर पंधरा मिनिटांत बोंबलायला लागला. जिथून बॅटरी घेतली ते दुकान बंद झालंय. मोबाईलवर शोधलं, पहिला नंबर लावला. गडी अर्ध्या तासात हजर. मी तरी काय करणार होते?

त्यानं टेस्टरचे चिमटे लावले, काटा धाडकन खाली. "मॅडम, प्लेटी गेल्या." अहो, सकाळपासून वापरून रिकामी झालेल्या बॅटरीचा काटा पडणारच! आधी पूर्ण चार्ज करायची, मग तपासायची. माझ्या बॅटरीचे तरंगते दांडे लाल खुणेपर्यंत उतरले होते, आठ महिने पाणी घातलं नव्हतं, ही चूक माझी. पण शेजारच्यांची त्याच वर्षीची बॅटरी डिस्टिल्ड वॉटर घालून रात्रभर चार्जिंगला ठेवली, तर आजही चालतेय. म्हणजे कदाचित धडधाकट बॅटरी मी स्वतःच्या हातानं दिली. जुनी बॅटरी दाराबाहेर जाऊ देऊ नका, तिच्यातल्या शिशाला भाव असतो आणि अशा लोकांचा डोळा त्याच्यावरच असतो.

हिशेब असा: नवीचे १४,५००, जुनीचे वजा २,५००, म्हणजे १२,०००. फिटिंग ४००, पाण्याचे २००. एकूण १२,६००. यूपीआय करताना स्क्रीनवर भलत्याच मोबाईल दुकानाचं नाव आलं. मी विचारलं. "भावाचं खातं आहे मॅडम." आणि मी पिन टाकला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वर पडेल. दोन हजार वाचतील म्हणून मी साधी चिठ्ठी घेतली, त्यावर फक्त एक मोबाईल नंबर. तो आता बंद आहे, हे सांगायला नकोच.

दोन पंखे आणि तीन दिवे चांगल्या बॅटरीवर पाच तास तरी चालायला हवेत. ही पहिल्या आठवड्यात दोन तास चालली. "तीन-चार वेळा चार्ज होऊ द्या, मग खुलेल," असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. सहा आठवड्यांत वीस मिनिटांवर आली. मग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पूर्ण चार्जनंतर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर १२४० च्या आसपास दाखवायला हवा. पाच खान्यांत ११५० सुद्धा नाही, सहाव्यात तर तरंगता भाग उचललाच गेला नाही. टर्मिनलवरचं ग्रीस पुसलं तर खाली जुन्या क्लॅम्पचे ओरखडे. स्टिकर खरवडला तर त्याखाली दुसरा स्टिकर. बॅटरी घरात येताच, पैसे देण्याआधी, तिच्यावरचा सिरियल नंबर कंपनीकडे फोन करून विचारा. मी नंतर विचारला. तो नंबर वॉरंटी संपलेल्या बॅटरीचा निघाला. "अधिकृत विक्रेत्याकडून घ्यायला हवी होती," असं कंपनीच्या फोनवरच्या बाई इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की फोन आपटावासा वाटला.

पोलिसांकडे गेले. बिल दाखवा. बिल नाही. मग हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा. अहो, यूपीआयवर पैसे कोणाला गेले ते नाव आहे, तारीख आहे, तेवढं तर बघा! "बाराच हजार ना मॅडम?" बाराच. माझ्या दोन महिन्यांच्या शिकवण्या आहेत त्या. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, नंतर एसएमएस आला की समोरच्याचा पत्ता द्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, पण नोटीस पाठवायला तिथेही पत्ता लागतोच. पत्ता शोधायचा कोणी? पोलिसांनी. पोलीस म्हणतात आयोगात जा. तीन चकरा मारल्या, प्रत्येक वेळी शिकवणी बुडवून, सासूबाईंजवळ शेजारणीला बसवून.

आता १५,८०० ची घेतलीय, पक्क्या बिलावर. पहिल्या तारखेला पाणी बघते. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी अजिबात नाही, वरच्या खुणेच्या पुढेही नाही. टर्मिनलला पेट्रोलियम जेली.

ती बारा हजार सहाशेची काल भंगारवाल्याला दिली. काट्यावर ठेवली, चौतीस किलो. "ताई, आतून पोकळ आहे की ही," तो म्हणाला, आणि एकट्यानंच उचलून हातगाडीवर टाकली.