इंग्लिश बोलीतलं आयरिशमध्ये नेताना: जुनी डिक्शनरी की नवी?

तोमास द वाल्द्राहे यांची १९५९ ची इंग्लिश-आयरिश डिक्शनरी की फोरस ना गेल्गे या संस्थेची २०१३ ला ऑनलाइन आलेली नवी? आजच्या बोलण्यासाठी मी तरी आधी नवीच उघडते, कारण इंटरनेट-मोबाइलवरचं बोलणं जुनीत कुठून असणार, आणि नवीत अल्स्टर, कॉनाख्ट, मन्स्टर या आयर्लंडच्या तिन्ही भागांतले उच्चारही ऐकता येतात. पण जुनी सोडू नका हां! मुसळधार पावसाला आयरिशमध्ये ‘मोच्याच्या सुऱ्या पडतायत’ असं म्हणतात, तिथे इंग्लिशमधला ‘कुत्र्या-मांजरांचा पाऊस’ (raining cats and dogs) शब्दशः नेला की भाषेचा जीवच जातो, आणि असल्या अस्सल वाक्प्रचारांसाठी जुनी चाळायला खरंच मजा येते. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत.