नीसच्या मागचे घाट: दहा महिन्यांच्या सायकलिंगनंतर

आधी खुलासा: मी रेसर नाही. वय ४३, दिवसभर खुर्चीला खिळलेली नोकरी, आणि पुण्यात असताना रविवारी सिंहगड, फार तर खंबाटकी, एवढीच मजल. गेल्या सप्टेंबरात कामासाठी फ्रान्समधल्या नीसला आलो. घर बंदराजवळ मिळालं. पहिल्याच आठवड्यात कळलं की दारातून निघालं की एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे थेट चढ. तेव्हापासून दहा महिने, पाऊस आणि सर्दी-खोकला वगळता, बहुतेक शनिवार-रविवार या घाटांत गेले. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं.

येताना भीती चढाची होती. ती फुकट गेली. इथले बहुतेक चढ पाच ते सात टक्क्यांत बसतात आणि तसेच टिकतात. एकदा गिअर आणि श्वास जुळला की तासभर त्याच लयीत पेडल मारत राहायचं. बऱ्याच घाटांत दर किलोमीटरला सायकलवाल्यांसाठी पाटी असते: माथा किती दूर, पुढचा किलोमीटर किती टक्क्यांचा. सिंहगडावर कुठल्या वळणामागे काय वाढून ठेवलंय हे पायांना पाठ करावं लागतं, इथे ते लिहूनच ठेवलंय. कॉम्पॅक्ट क्रँक (पुढची दातेरी चक्रं लहान) आणि मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे गिअरच्या चक्रांचा संच, असेल तर माझ्यासारखा माणूसही कुठेही पाय न टेकता वर पोचतो.

त्रास दिला तो उतारांनी. आपल्याकडे कोकणातून घाट चढून आलं की देशावर येतो, आणि मग पठार. चढलेलं हाती राहतं. इथे कोल म्हणजे दोन दऱ्यांमधली खिंड. समुद्रापासून हजार मीटर चढायचं आणि पलीकडे जवळजवळ तेवढंच घालवायचं, मग पुढचा कोल. म्हणजे अर्धा रस्ता उताराचाच, आणि उताराची तयारी मी शून्य केली होती. त्यात वाहतूक उजवीकडून. सपाटीवर त्याची सवय आठवड्यात होते. पण वळणावर समोरून गाडी आली आणि दचकलो की सायकल आपसूक डावीकडे, म्हणजे नेमकी गाडीच्या तोंडी. दोनदा झालंय. शिवाय इथल्या सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो; माझ्या पुण्याच्या सायकलीत तो उजव्या हाताला होता. हे मेंदूला कळतं, बोटांना महिनाभर कळत नाही.

आणखी एक. वळणावर हॉर्न वाजवायची पद्धत इथे नाही. आपले कान घाटात हॉर्न ऐकायला तयार झालेले असतात, आणि इथे इलेक्ट्रिक गाडी मांजरासारखी येते.

रोजच्या वापराचा घाट म्हणजे कोल द’एझ. उंची ५०७ मीटर, माझ्या घरापासून दहा-एक किलोमीटर. ऑफिसच्या आधी जाऊन परत येता येतं, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा होतोच. सुरुवातीला वेधशाळेच्या टेकडीला वळसा. तिथला मोठा घुमट गार्निये आणि आयफेल या दोघांनी मिळून उभा केलेला, आयफेल म्हणजे टॉवरवालाच. मग ३२७ मीटरवर कात्र शमँ, म्हणजे चौफुला, आणि तिथून खाली व्हिलफ्रांशचा अख्खा उपसागर. वर ग्रांद कॉर्निश या डोंगरकडेच्या रस्त्यावरून ला त्युर्बी गावापर्यंत गेलं तर सम्राट ऑगस्टसच्या आल्प्सवरच्या विजयानिमित्त बांधलेल्या स्मारकाचे खांब दिसतात. २०२४ ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत ऑलिंपिकमुळे पॅरिसमध्ये संपवता आली नाही. ती पॅरिसबाहेर संपण्याची पहिलीच वेळ. शेवटचा टप्पा मोनॅको ते नीस, याच रस्त्याने, आणि तो पोगाचारने जिंकला. तो आणि त्याच्यासारखे बरेच जण मोनॅकोत राहतात, त्यामुळे सकाळी संघाच्या जर्सीतला कोणीतरी शेजारून निघून जातो. कोण होता ते बघायला मान वर करेपर्यंत वळणापलीकडे. मी घरी मात्र पोगाचारच होता असं सांगतो.

ब्रेकचा धडाही इथलाच. पहिला महिना भाड्याची सायकल वापरली. ला त्युर्बीहून समुद्राकडे उतरताना जळका वास यायला लागला. थांबून पाहिलं तर पॅड झिजून धातू दिसत होता. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, इथे असंच होतं. असंच होतं हे खरं आहे, पण मग सायकल देण्याआधी बघायला काय झालं होतं? भाड्याने घेणार असाल तर दुकानातच चाक काढायला लावून पॅड बघा. लाजू नका.

कोल द ला मादोन हा नावाने मोठा. मेंतोंच्या किनाऱ्यावरून निघून तेरा-चौदा किलोमीटरमध्ये ९२५ मीटर. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग इथे आपली तयारी तपासायचा, आणि ट्रेक या सायकल कंपनीने मादोन हे सायकलीचं नाव इथूनच उचललं. पुढे २०१२ मध्ये डोपिंगमुळे त्याची तूरची सातही विजेतेपदं गेली, घाटाचं नाव मात्र राहिलं. चढ चांगलाच आहे, टक्का इतरांपेक्षा जरा तिखट, आणि मागे वळून पाहिलं की समुद्र बराच वेळ सोबत करतो. पण माथ्यावर काय? एक पाटी आणि दोन झाडं. डांबर खरखरीत, पलीकडे पेय नावाच्या गावाकडे जाणारा उतार अरुंद, वळणापलीकडचं काही दिसत नाही. मी सहा वेळा केला, त्यातले चार फक्त वेळ सुधारायला, आणि वेळ एका मिनिटाने सुधारली. त्यापेक्षा वाटेत फाटा घेऊन सेंत-आन्येस गावात जा. किनाऱ्याला लागून इतक्या उंचीवर वसलेलं गाव विरळाच. डोंगर कोरून बनवलेला माजिनो रेषेचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या फ्रेंच तटबंदीचा, किल्ला तिथे आहे.

माझा घाट कोल द ब्रोस. १,००२ मीटर. फोटोंत मादोनइतका दिसत नाही, पण दहा महिन्यांत परत परत जावंसं वाटलेला हा एकच. नीसहून वीसेक किलोमीटरवर लेस्कारेन गाव, तिथे पाण्याच्या बाटल्या भरायच्या (नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी फ्रेंच पाटी नाही ना, तेवढं बघून), आणि दहा किलोमीटर चढ. माथ्याच्या अलीकडे वळणं एकावर एक रचल्यासारखी येतात, दगडी भिंतींनी पेललेली. मार्चमधल्या एका शनिवारी मी वरच्या भिंतीला टेकून केळं खात होतो. खाली तीन वळणांवर टपालखात्याची पिवळी गाडी. ती एका फाटकाशी थांबली, दार वाजलं, पुन्हा निघाली, पुढच्या वळणावर पुन्हा थांबली. इतकी शांतता की दाराचा आवाज वरपर्यंत आला. गाडी माझ्यापर्यंत पोचायला सात-आठ मिनिटं लागली. पोस्टमनने काच खाली करून विचारलं, पाणी आहे ना? मी हो म्हटलं, आणि तो उतारावरून दिसेनासा झाला. मला जी वळणं ब्रेक धरून, ओठ चावून उतरावी लागतात ती त्याने एका हाताने घेतली.

माथ्यावर रने व्हिएतोचं स्मृतिस्थान आहे. १९३४ च्या तूरमध्ये, विशीतल्या या पोराने आपल्या संघनायकाला, आंतोनँ मान्यला, स्वतःचं चाक काढून दिलं आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून रडला. मान्यने ती तूर जिंकली. व्हिएतोच्या अस्थी ब्रोसवरच विखुरल्या. मी तिथे प्रत्येक वेळी थांबतो. थोडं आदराने, थोडं पुढच्या उताराआधी हात मोकळे करायला.

पलीकडे सोस्पेल. नीस ते इटलीतलं तोरिनो हा जुना मिठाचा मार्ग इथूनच जायचा, आणि नदीवरच्या जुन्या पुलावर मधोमध जकातीचा बुरूज आहे. नाणेघाटातला दगडी रांजण आठवला. डोंगर कुठलाही असो, अरुंद जागी कर घेणारा बसलेलाच. सोस्पेलहून ७०६ मीटरचा कोल द कास्तियों ओलांडून मेंतोंला उतरता येतं, आणि किनाऱ्याने नीस. सगळं मिळून नव्वदेक किलोमीटर. पायांत जीव नसेल तर मेंतोंहून लोकल ट्रेन. सायकलीचं वेगळं तिकीट नाही, पण सुट्टीच्या संध्याकाळी डब्यात जागा मिळेल याची खात्री धरू नका.

नोव्हेंबरात याच सोस्पेलहून कोल द त्युरिनीला गेलो. २४ किलोमीटर, १,६०७ मीटर, मोंते कार्लो रॅलीमुळे मोटारवाल्यांचा लाडका. मूलिने गाव पार केल्यावर जंगल. घाम येत होता म्हणून बोटं उघडी असलेले ग्लोव्ह्ज घातले होते. किनाऱ्यावर १७ अंश, वर ४. परत फिरल्यावर पाचच मिनिटांत बोटं बधिर. ब्रेकची लिव्हर दाबतोय की नाही हे बघूनच कळत होतं, हाताला कळत नव्हतं. मूलिनेत एका भिंतीच्या आडोशाला काखेत हात घालून वीस मिनिटं बसलो. आता जर्सीच्या मागच्या खिशात विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज बारा महिने असतात, खाली कितीही ऊन असलं तरी. हजार मीटरला सहा-सात अंश जातात, आणि उताराचा वारा वेगळा.

व्हाँसच्या कोलबद्दल थोडक्यात: ९६३ मीटर, उघडाबोडका चुनखडीचा माळ, सावली नाही, वारा भरपूर. हिवाळ्यात छान, जूनमध्ये तापला तवा.

तक्रारी आहेतच. रविवारी दहानंतर मोटारसायकलींचे घोळके. गाव सोडल्यावर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे, गाड्या पाळतात, घोळके पाळतीलच असं नाही. मी सातला निघतो. उन्हाळ्यात दुपारी डोंगरावर ढग गडगडायला लागतात, म्हणून दोनच्या आत खाली. आणि जेवण! बाराच्या पुढे गावं दारं लावून घेतात. सोस्पेलला सव्वाला पोचलो तेव्हा बेकरीवाली शटर ओढत होती. बिचारीने काचेतून मान हलवली. त्या दिवशी कास्तियों चढवला तो आईने पाठवलेल्या चिक्कीच्या शेवटच्या दोन तुकड्यांवर. जेल आणि एनर्जी बार वापरून पाहिले, पण चढावर शेंगदाणा-गुळाइतकं पोटाला काही मानवत नाही.

तीन दिवसांसाठी येणार असाल तर पहिल्या दिवशी एझ, तेही फक्त उताराची आणि उजव्या बाजूची सवय करायला. दुसऱ्या दिवशी ब्रोसचा फेरा. तिसऱ्या दिवशी पाय म्हणतील तसं. मादोन फोटोपुरता हवा असेल तर करा. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि एप्रिल-मे सगळ्यात चांगले.

धाकटा भाऊ सप्टेंबरात येतोय. त्याची यादी मादोनपासून सुरू होते. मी त्याला सध्या एवढंच कळवलंय: ग्लोव्ह्ज पूर्ण बोटांचे, आणि चिक्की एक किलो.